चराईबंदीच्या पुढचे पाऊल

गायरान हा शब्द गावोगावी रोज उच्चारला जातो. परंतु त्यातील गाय मात्र हळूहळू विस्मरणात जात आहे. कोठे गायरानावर घरे उभी राहिली आहेत, कोठे त्याचे शेत झाले आहे, तर जेथे ते नावापुरते शिल्लक आहे तेथे मुरूम उघडा पडून वर तरोटा व गाजरगवत माजले आहे. अशा माळावर दिवसभर फिरून सायंकाळी गोठ्यात परतणारी गाय चरून आली असे म्हणण्यापेक्षा चालून आली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. गायरानाचा प्रश्न निघाला की गावात दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते चराई हा सर्वांचा हक्क असून त्यावर कसलाही निर्बंध नको. दुसऱ्या पक्षाच्या मते मोकाट चराई हेच सर्व नाशाचे मूळ असून ती कायमची बंद करावी. हे दोन्ही पक्ष जनावरांविषयी बोलतात. परंतु दूध देणारी गाय काय खाते, किती खाते व केव्हा खाते याचा विचार यांपैकी एकाही पक्षाच्या बोलण्यात फारसा आढळत नाही.

चराईबंदीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. राळेगणसिद्धीच्या पंचसूत्रीत नसबंदी, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान यांच्या जोडीला चराईबंदीला स्थान मिळाले, ते विचारपूर्वक मिळाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या कमी पावसाच्या गावाने १९९० नंतरच्या दशकात डोंगरावरील चराई बंद केली आणि गवत कापून नेण्यास परवानगी दिली. त्या दशकाच्या मध्यास गावचे रोजचे दूध सुमारे १५० लिटर होते. पुढे ते ४,००० लिटरच्या घरात गेल्याचे प्रसिद्ध झालेले आहे. ही वाढ केवळ गवताची नव्हे. पाणी अडले, ओलिताचा चारा आला, संकरित गाई आल्या, त्या सर्वांचा वाटा तीत आहे. तथापि उघडा पडलेला डोंगर काही वर्षे गुरांवाचून ठेवला तर पुन्हा गवताने झाकला जातो, एवढे त्या गावाने निर्विवाद दाखवून दिले.

प्रश्न त्यापुढचा आहे. डोंगर झाकला गेला, गवत कमरेइतके झाले. आता त्याचे काय करावयाचे? पुष्कळ गावांत बंदी झाली, पण कापणीचा दिवस ठरला नाही. भात, सोयाबीन वा बाजरीची काढणी उरकेपर्यंत गवताकडे पाहावयास कोणास सवड नसते, आणि दिवाळीनंतर विळे निघतात. तोवर गवत पिवळे पडलेले असते, कुसळीला कुसळे धरलेली असतात आणि पानांतील सत्त्व बियांत जाऊन बी गळून गेलेले असते. अशा गवताचे भारे मोठे दिसतात, गंजीही डोळ्यांत भरते. पण त्यातील कच्च्या प्रथिनाचे प्रमाण शेकडा २ ते ३ इतके खाली आलेले असते. हे प्रमाण शेकडा ७ च्या खाली गेले की गाईच्या कोठीपोटातील सूक्ष्म जंतूंनाच पोषण पुरेनासे होते. ते चारा नीट फोडू शकत नाहीत, चारा पोटात अधिक काळ पडून राहतो आणि गाय पुढ्यात गंज असूनही कमी खाते. बैलाचे व भाकड जनावराचे त्यावर कसेबसे निभते. दुभत्या गाईचे निभत नाही.

उष्ण प्रदेशातील गवत व थंड प्रदेशातील गवत यांत मोठा फरक आहे, तो येथेच. आपल्याकडील गवते पाऊस व ऊन एकत्र मिळताच झपाट्याने वाढतात. परंतु तितक्याच झपाट्याने जून होतात. युरोपातील थंड कुरण पुष्कळ दिवस कोवळे राहते. आपल्या माळावर श्रावणातले गवत व अश्विनातले गवत ही जणू दोन निरनिराळी खाद्ये आहेत. यास्तव गवताचे केवळ वजन मोजून कुरणाची परीक्षा करणे हे कणसात दाणा आहे की नाही ते न पाहता कडब्यावरून ज्वारीचे पीक ठरविण्यासारखे होईल.

या बाबतीत ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड या उष्ण प्रांतात टी. एच. स्टॉब्ज या संशोधकाने १९७० नंतरच्या काही वर्षांत केलेले काम प्रत्येक पशुपालकाने समजून घेण्यासारखे आहे. उष्ण प्रदेशातील कुरणात गवत मुबलक दिसत असता गाय दूध का कमी देते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी गाईचे घास मोजले. गाय दिवसाकाठी ३६,००० हून अधिक घास क्वचितच घेते, असे त्यांस आढळले. त्यापुढे तिचा जबडा थकतो, रवंथ व विश्रांती यांसाठी वेळ उरत नाही. म्हणजे घासांच्या संख्येला मर्यादा आहे. पोट भरावयाचे ते घासाच्या आकारानेच. सुमारे ४०० किलो वजनाच्या गाईच्या एका घासात पाणी व राख वजा जाता ०.३ ग्रॅम इतके खाद्य आले, तर दिवसाचे १०.८ किलो होते आणि तेवढे पुरेसे आहे. घास त्याच्या निम्म्याने लहान झाला तर सर्व दिवस चरूनही ५.४ किलोच पोटात जाते. एवढ्यात गाईचे स्वतःचे शरीर जेमतेम चालते, मग दूध कोठून यावे?

घास लहान होतो तो दोन प्रकारे. गवत बोटभर खुरटलेले असेल तर जिभेच्या वेटाळ्यात काहीच येत नाही, हे कोणासही पटेल. परंतु गवत उंच वाढून काडी जून झाली असेल तरीही घास लहानच होतो. गाय काड्यांमधून पाने वेचीत बसते आणि एकेक पान ओढण्यात तिचा वेळ जातो. मोकाट चराईच्या गावात पहिला दोष असतो, बंदी घालून विसरून गेलेल्या गावात दुसरा. उपाय दोघांनाही एकच लागू पडतो. गवत पानावर असताना गाईने त्यात शिरावे, आणि पान संपण्यापूर्वी तेथून निघावे.

पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत माळावर हिरवी झाक येते आणि चार महिने कडबा चघळून कंटाळलेली गुरे सुटतात. वर्षातील सर्वांत मोठे नुकसान याच पंधरवड्यात होते. हा पहिला कोंब गवत आपल्या मुळांत व बुडख्यात साठविलेल्या शिधोरीवर फुटते. तो खुडला गेला की गवताला दुसऱ्यांदा त्याच शिधोरीवर कोंब काढावा लागतो; तोही गेला की मूळ उपाशी राहते आणि पवना, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते काही वर्षांतच नाहीशी होतात. गाईलाही या कोंबाचा उपयोग थोडा. त्यात पाणीच फार असते, आणि ते वेचण्यासाठी ती कोसच्या कोस चालते. आषाढाचे हे तीन-चार आठवडे गुरे गोठ्यात राखण्यासाठी थोडा कडबा उन्हाळ्यातच बाजूला ठेवावा लागेल. ही तजवीज ज्या गावाने केली त्याने गायरानाचे अर्धे काम केले.

आपले गायरान कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखण्यास प्रयोगशाळेची जरुरी नाही. पी. एम. दबडघाव व के. ए. शंकरनारायण यांनी देशभरातील गवताळ भागांची पाहणी करून लिहिलेला ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी देशाच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार पाडले. आपले पठार त्यांपैकी पवना-शेडा व मारवेल यांच्या प्रकारात मोडते. माळावर अतिचराई होऊ लागली की ही उत्तम गवते मागे हटतात व त्यांची जागा कुसळी घेते. चराईचा जाच तसाच चालू राहिला तर कुसळीही जाते आणि बारीक काडीची, एका पावसाळ्यात उगवून मरणारी निकृष्ट गवते उरतात. हाच क्रम उलटही चालतो. तेव्हा भाद्रपदात गावच्या चार जाणत्या माणसांनी गायरानातून एक फेरी मारावी आणि पायाखाली काय आहे ते पाहावे. मारवेल व पवना दिसत असतील तर शिस्तशीर चराईस हरकत नाही. कुसळी अधिक असेल तर सावधपणे चारावे. केवळ वर्षायू गवते व तरोटा असेल, तर तेथे एक-दोन पावसाळे संपूर्ण बंदीवाचून गत्यंतर नाही. त्या काळात मारवेलाचे ठोंब लावावेत, आणि स्टायलोचे बी हेक्टरी ४ ते ५ किलो या प्रमाणात पावसाच्या तोंडी फेकावे. स्टायलोचे बी कठीण कवचाचे असल्याने आदल्या दिवशी ते कडकडीत गरम, पण न उकळणाऱ्या पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून सुकवून घ्यावे. द्विदल असल्याने ते गवतापेक्षा अधिक प्रथिन देते, आणि गवत पिवळे पडल्यावरही काही काळ हिरवे राहते.

म्हणजे बंदी हे औषध आहे. औषध आजार असेतोवर घ्यावयाचे असते. त्यालाच अन्न मानून चालणार नाही.

चराईयोग्य झालेल्या गायरानाचे चार खंड पाडावेत. ओढा, पाऊलवाट, झाडांची रांग अशा नैसर्गिक खुणा मिळाल्या तर उत्तम. नाहीतर दगडांच्या चुना लावलेल्या राशीही पुरतात. दर वर्षी एक खंड बी पडेपर्यंत पूर्ण राखून ठेवावा व उरलेल्या तिहींत गुरे पाळीने फिरवावीत. प्रत्येक खंडात सुमारे बारा दिवस गुरे राहिली तर त्यास पुढे चोवीस दिवसांची विश्रांती मिळते. भर पावसाळ्यात आपल्या गवतांना पुन्हा पानावर येण्यास ती बहुधा पुरते. गवत वीत-दीड वीत झाले की गुरे आत सोडावीत आणि चार-पाच बोटे बुडखा शिल्लक असताना बाहेर काढावीत. बारा दिवस हा काही पोथीतला नियम नव्हे. पावसाने ओढ दिली तर दिवस वाढवून चालणार नाही. उलट गुरे गोठ्यात परत आणावी लागतील. पुढच्या वर्षी राखीव खंड बदलावा. चार वर्षांत प्रत्येक खंडाला एकदा बी पाडण्याची संधी मिळते.

पाळीतही पाळी असावी. आज बहुतेक गावांत दुभती गाय, भाकड गाय, बैल, कालवडी व म्हशी एकाच खिल्लाराने बाहेर पडतात. धट्टी जनावरे पुढे धावून शेंडा खातात आणि दुभती गाय, विशेषतः गाभण व अंगाने जड झालेली, मागे राहून त्यांनी तुडविलेले वेचते. हे उलट करावयास हवे. नव्या पट्ट्यात पहिल्या दिवशी केवळ दुभत्या व शेवटच्या दोन महिन्यांच्या गाभण गाई सोडाव्यात. त्यांनी वरची पाने खाल्ली की दुसऱ्या दिवशी बैल व भाकड जनावरांनी मागून यावे. या बदलास एक पैसाही खर्च येत नाही, तरी तो सर्वांत अवघड आहे. कारण त्यासाठी शेजाऱ्याच्या गाईला आपल्या बैलाच्या आधी वाट द्यावी लागते.

वेळेचाही विचार हवा. सकाळी दहाला गुरे सोडून सायंकाळी पाचला आणण्याचा रिवाज माणसाच्या सोयीचा आहे, गाईच्या नव्हे. उन्हाच्या वेळी ती सावली शोधते व चरणे थांबविते. धार काढून होताच पहाटे गुरे सोडावीत, ऊन चढले की सावलीत पाण्यापाशी बसवावीत आणि उतरत्या उन्हात पुन्हा चारावीत. अश्विनातल्या कडक उन्हात तर हे कटाक्षाने पाळावे.

आता हिशेबाचा कटू भाग. एखाद्या गावाचे गायरान ४० हेक्टर आहे असे धरू. त्यात हेक्टरी २ टन कोरडे गवत पिकले आणि बुडखा, तुडवण व राखीव भाग जाता निम्मेच गुरांच्या पोटात गेले, तर ४० टन होते. एका गाईस दिवसाला ८ किलोप्रमाणे पावसाळ्याच्या १२० दिवसांत जवळजवळ एक टन गवत लागते. म्हणजे ४० गाई. गावात गुरे दोनशे असतील तर उरलेल्या १६० जनावरांचे काय, हा प्रश्न कोणतीही चराईपद्धती सोडवू शकत नाही. पाळी कितीही काटेकोर असली तरी दोनशे गुरांखाली ते कुरण टिकणार नाही. संख्या आधी, पद्धत नंतर.

मग हे चाळीस कोणाचे? येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. ज्याच्याकडे ऊस आहे त्याला वाढे मिळते, ज्याच्याकडे विहीर आहे तो लसूणघास वा संकरित नेपियर लावू शकतो, ज्याच्याकडे जमीन आहे त्याला बांधावरचे गवत व कडबा आहे. भूमिहीन कुटुंबाच्या एका गाईला गायरानावाचून दुसरा आधार नाही. चराईबंदीचा पहिला फटका याच घराला बसतो, आणि मोकाट चराईत सर्वांत कमी वाटाही त्याच घराच्या गाईला मिळतो. म्हणून गायरानातील वाटा जनावरांच्या संख्येवर न ठरविता कुटुंबावर ठरवावा. दर कुटुंबास एक दुभती गाय, आणि त्यातही भूमिहीन व अल्पभूधारक यांचा क्रम आधी, असा ठराव ग्रामसभेने करावा. वीस-वीस लिटर दूध देणाऱ्या होल्स्टीन संकरित गाईंचे मालक यावर नाराज होतील. परंतु अशा गाईची गरज कोणतेही माळरान भागवू शकत नाही. उत्तम पावसाळी चराईवर देवणी, डांगी यांसारखी गाय आपले तीन-चार लिटर दूध पेंडीवाचून देऊ शकते. हलक्या बांध्याची संकरित गाय याहून थोडे अधिक. त्यापुढील प्रत्येक अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक गोठ्यातच द्यावा लागतो. बड्या दूधवाल्याने आपली गाय मुक्त गोठ्यात, मुरघासावर ठेवावी; त्यात त्याचाही लाभ आहे.

शेळीविषयी दोन शब्द. शेळी ही आजवर माळावरच्या सर्व पापांची धनी ठरली आहे. रोपांना तिचा उपद्रव होतो, हे खरे. परंतु ती मुख्यतः झुडपांचा पाला खाते. गवताचे बुडखे उघडे पडण्यास मोठ्या जनावरांची गर्दी अधिक कारण आहे. नवी लागवड सोडून झुडपी उतारावर तिला जागा देता येते, आणि दिली पाहिजे.

गायरानाची जमीनच हाती नसेल तर हा सारा विचार व्यर्थ होय. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये जिल्हाधिकारी गावाच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंह विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना आखाव्यात, असे सर्व राज्यांस फर्माविले. आदेश आहेत, परंतु ज्या माळावर गवतच नाही त्याच्या रक्षणासाठी गाव उठत नाही, असाच सर्वत्र अनुभव आहे. हिरव्या गायरानाला राखणदार अनेक मिळतात. ग्रामसेवकाने सातबारा काढून मोजणी व हद्दखुणा या कामी लक्ष घालावे, तर कृषी व पशुसंवर्धन खात्याच्या कार्यकर्त्यांनी त्याच वेळी निदान एक खंड गवताने झाकून दाखवावा.

शेवटी प्रश्न राहतो तो गुराख्याचा. तारेचे कुंपण महाग आहे व ते चोरीसही जाते. चार खंडांची पाळी, दुभत्या गाईंचा पहिला मान, पहाटेची सोडवण, बुडख्यावरची नजर हे सारे एका जाणत्या माणसावर अवलंबून आहे, आणि आज गावात गुराखी होण्यास कोणी तयार नाही. कारण राखोळी म्हणून त्याच्या हातावर जे पडते त्यावर घर चालत नाही, आणि मानही मिळत नाही. चाळीस गाईंमागे दोन गुराखी ठेवून प्रत्येकास महिना १५,००० रुपये दिले, तर दर गाईस दिवसाला २५ रुपये पडतात. एवढी रक्कम पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण एका लिटर दुधाच्या किमतीतून निघते. ज्या भूमिहीन घरची गाय आहे त्याच्यावर हा भार सर्व टाकू नये; गायरानाच्या राखीव खंडातील गवताच्या लिलावाचे उत्पन्न ग्रामपंचायतीने यासाठी वेगळे काढावे. मे महिन्याच्या ग्रामसभेत गुराख्याची नेमणूक, खंडांच्या हद्दी आणि गुरे सोडण्याचा पहिला दिवस या तीन गोष्टी ठरवून चावडीवर लिहून लावाव्यात, म्हणजे मृगाचा पाऊस पडल्यावर वादास जागा राहणार नाही.